पीक नियोजनाची ‘मॉडेल’वाली सर्व्हिस वर्षभर वापरली, ५ पैकी ३ स्टार

आधीच सांगतो, सर्व्हिसचं नाव लिहिणार नाहीये. पैशाचा हिशोब अजून मिटायचाय आणि उगाच कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, इनबॉक्समध्ये येऊन विचारलंत तरी नाही सांगणार. पण मागच्या काही महिन्यांत दोन-तीन शेतकरी कंपन्यांच्या लोकांनी विचारलं की ते कॉम्प्युटरवर पीक ठरवून देतात ते घेऊ का, आणि दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

माझं थोडक्यात. राहायला हडपसर, नोकरी मगरपट्ट्यात, शेती सासवडच्या पूर्वेला. शनिवारी दिवे घाट चढायचा, रविवारी रात्री उतरायचा. गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीत मी संचालक आहे, का तर माझ्याकडे लॅपटॉप आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पुण्यातून दोन पोरं आली, देवळात प्रोजेक्टर लावला आणि म्हणाली की तुम्ही सगळे मिळून किती एकरवर काय लावायचं ते आमचं मॉडेल सांगेल, पाणी मजूर बाजारभाव सगळं धरून, एकरी ३५० रुपये वर्षाला. ६२ जण तयार झाले, २१० एकर, म्हणजे ७३,५०० रुपये. निम्मे आधी, निम्मे नंतर. त्या ‘नंतर’चंच भांडण चालूय.

सुरुवात फॉर्मपासून. फॉर्ममध्ये रकाना होता ‘क्षेत्र’ आणि लोकांनी त्यात लिहिलं १.२०. आता १.२० म्हणजे काय? आमच्या आबांच्या डोक्यात ते एक एकर वीस गुंठे, म्हणजे ६० गुंठे. ज्यानं सातबारा समोर धरून भरलं त्याचं ते एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ ११९ गुंठे. आणि सॉफ्टवेअरनं वाचलं एक पूर्णांक दोन दशांश एकर, म्हणजे ४८ गुंठे. एकच आकडा, तीन शेतं. पहिली बेरीज आली १७१ एकर, ३९ एकर रान हवेत गेलं आणि त्या पोरांना त्यात काही खटकलं पण नाही. मी आणि वहिनीनं दोन रविवार बसून सगळे फॉर्म परत भरले, त्याचे पैसे कोण देणार विचारू नका.

ब्रोशरवर मोठ्या अक्षरात एआय लिहिलंय. आत जे आहे ते लिनिअर प्रोग्रामिंग, म्हणजे आहे त्या जमीन-पाणी-मजुरांत जास्तीत जास्त नफा बसवायचं गणित, ते सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत जॉर्ज डान्ट्झिगनं १९४७ ला काढली आणि तसलंच गणित त्याच्या आधी १९३९ मध्ये रशियात कान्टोरोविचनं प्लायवूडच्या कारखान्यासाठी मांडलं होतं, त्याला पुढे १९७५ ला अर्थशास्त्राचं नोबेल पण मिळालं. जुनं आहे म्हणून वाईट आहे असं अजिबात नाही हां, नांगर पण जुनाच आहे. पण एआय म्हणून एकरी ३५० घ्यायचे तर निदान विचारल्यावर खरं सांगावं एवढंच.

ज्यांना हे काय प्रकरण आहे माहीत नाही त्यांच्यासाठी देवळात मी ज्या उदाहरणानं सांगितलं तेच इथे सांगतो, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा १० एकर आहे. टोमॅटोला एकरी १२० मजूर-दिवस लागतात, बाजरीला २०. तुमच्याकडे सगळे मिळून ६०० मजूर-दिवस आहेत, त्याच्या वर माणूस मिळत नाही. टोमॅटोत खर्च मजुरी वजा जाता एकरी ५० हजार राहतात, बाजरीत १० हजार. सगळा टोमॅटो लावायचा म्हटलं तर पाच एकरातच माणसं संपली, पाच एकर पडीक, हातात अडीच लाख. चार एकर टोमॅटो सहा एकर बाजरी केली तर माणसं पण बरोब्बर ६०० आणि रान पण पुरं, हातात दोन लाख साठ हजार. यापेक्षा जास्त निघत नाही, कागदावर करून बघा. मॉडेल हेच करतं, फक्त ६२ शेतकरी, ११ पिकं आणि वर्षाचे २४ पंधरवडे घेऊन करतं.

आता खरी गंमत पुढे आहे आणि माझ्या मते सगळ्या सर्व्हिसचे पैसे इथे वसूल होतात. त्याच उदाहरणात शेजारची एक एकर जमीन खंडानं मिळाली तर किती फायदा वाढेल? टोमॅटो ३.८ एकर, बाजरी ७.२ एकर, हिशोब करा, फक्त दोन हजारांनी वाढतो. आणि एक मजूर-दिवस जास्त मिळाला तर? ४०० रुपयांनी, मजुरी देऊन वर. म्हणजे पाच मजूर-दिवस बरोबर एक एकर जमीन! याला शॅडो प्राइस म्हणतात, अडलेली गोष्ट एकानं वाढली तर नफा कितीनं वाढतो तो आकडा. आमच्या गावात जमीन खंडानं घ्यायला लोक भावकीत बोलणं बंद करतात, आणि माणसं कधी मिळत नाहीत यावर फक्त पारावर कुरकुर होते.

आमच्या खऱ्या रिपोर्टमध्ये असंच निघालं. पाण्याला किंमत फेब्रुवारी-मार्चच्या पंधरवड्यांत होती, त्यात नवीन काहीच नाही, ते माझ्या आजीनं पण सांगितलं असतं. पण सगळ्यात मोठा आकडा होता ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या मजुरांवर. झेंडूचे तोडे, टोमॅटोचे तोडे, रांगड्या कांद्याची लागण, मागे राहिलेली ज्वारीची पेरणी, सगळं एकावर एक. आणि आम्ही तेव्हा काय करत होतो? दुसऱ्या शेततळ्याचा प्रस्ताव तयार करत होतो. तो बाजूला ठेवला. त्याऐवजी मजुरांच्या दोन टोळ्या कंपनीच्या नावानं उचल देऊन ऑगस्टमध्येच बांधून ठेवल्या आणि कांद्याची रोपं दोन टप्प्यांत टाकली. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण दोन स्टार देतोय. तिसरा स्टार पुढे येतो.

आता रडगाणं. पहिला प्लॅन आला त्यात ११८ एकर टोमॅटो, ६० एकर झेंडू, उरलेला वाटाणा. बाकी सगळ्याला शून्य. तात्या म्हणाले हे मॉडेल टोमॅटो खाऊन आलंय काय. या पद्धतीचा तो स्वभावच आहे, उत्तर नेहमी कोपऱ्यात जाऊन बसतं, जे पीक सरासरीत जास्त देतं त्यात सगळं ओततं जोपर्यंत काहीतरी आडवं येत नाही तोवर. आणि सरासरी म्हणजे कुठली, तर मागच्या पाच वर्षांच्या गुलटेकडीच्या, म्हणजे पुण्याच्या मार्केट यार्डाच्या, भावांची. त्यात २०२३ चा जुलै बसलेला, टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता तो. त्याच वर्षी सप्टेंबरात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला ते सरासरीत विरघळून जातं.

यावर पोरांचं उत्तर काय, तर "सर आपण लिमिट टाकू". टोमॅटो ४० एकरच्या वर नाही, झेंडू २५ च्या वर नाही, असं करत करत प्रत्येक पिकाला लिमिट टाकलं आणि मग मॉडेल चालवलं तर उत्तर काय आलं? आपणच टाकलेली लिमिटं. अरे मग मी एवढं स्वतःच वहीत लिहिलं असतं ना.

आणि याच्यावर इलाज नाही असं पण नाही. सरासरीबरोबर वर्षावर्षातली चढउतार पण धरायची, ज्या पिकाचं उत्पन्न एका वर्षी आभाळात आणि एका वर्षी खड्ड्यात त्याला तेवढा दंड लावायचा. शेअरवाल्यांसाठी मार्कोविट्झनं १९५२ ला मांडलेलं, शेतीसाठी साध्या लिनिअर प्रोग्रामिंगमध्ये बसेल असं पीटर हेझेलनं १९७१ ला केलेलं. आणि कहर म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते होतं! ‘प्रगत’ नावाच्या टॅबमध्ये एक रिस्कचा स्लायडर, तो शून्यावर ठेवलेला. मला तो जूनमध्ये सापडला, चुकून. तो मधे आणल्यावर प्लॅन एकदम शहाण्यासारखा झाला, वाटाणा घेवडा कांदा हरभरा सगळं थोडं थोडं. दोन महिने आम्ही भांडत होतो आणि उत्तर एका बटणामागे होतं.

बाजरी आणि ज्वारी मात्र तरीही शून्यच. एकरी नफा बघितला तर बरोबरच आहे, ज्वारीत काय राहतं. मी प्लॅन वाचून दाखवला तशी वहिनी मागून म्हणाली, "मग जनावरांनी काय मोबाईल खायचा का?" विषय संपला. म्हणजे मॉडेलमध्ये ज्वारीचं फक्त धान्य विकायचं होतं, कडबा नव्हताच. घरटी दोन-तीन गायी, दूध डेअरीला जातं, आठवड्याला रोख पैसा तोच, आणि त्या गायी ज्याच्यावर उभ्या आहेत ती वैरण हिशोबात नाही. कडबा विकत घ्यायला लागला तर काय पडतं ते मॉडेलमध्ये घातलं, प्रत्येक गायीला वर्षाला किती लागतो ते घातलं, आणि दुसऱ्या मिनिटाला ज्वारी ३४ एकर झाली. कुणी काही जबरदस्ती केली नाही, मॉडेल स्वतःच म्हणालं. त्यांच्या पोरांना हे आधी सुचायला हवं होतं की नाही? गावात येऊन एक दिवस कुणाच्या गोठ्यात उभं राहिलं असतं तरी पुरलं असतं.

अंजीर आणि सीताफळाचं तर सोडूनच द्या. पुरंदरात येऊन अंजिराला एक हंगामी पीक धरलेलं. बाग पंचवीस गुंठ्यांची असो, ती पुढच्या वर्षी उपटून झेंडू लावायची नसते हो. खट्टा बहार धरायचा की मिठा बहार, म्हणजे फळ कुठल्या हंगामात घ्यायचं, पाणी कधी तोडायचं, हा निर्णय वेगळाच आहे. त्यांनी शेवटी बागा ‘फिक्स’ करून टाकल्या, म्हणजे मॉडेलमधून बाहेर.

आता दसरा. हे जरा नीट वाचा, झेंडूवाल्यांनी तर नक्कीच.

झेंडूचा भाव म्हणजे दोन-चार दिवसांचा खेळ, दसऱ्याच्या आधी आणि दिवाळीच्या आधी, बाकी वर्षभर जे मिळेल ते. मॉडेलनं काय केलं, पाच वर्षांचे भाव घेतले आणि पंधरवड्याप्रमाणे सरासरी काढली, ऑक्टोबर पहिला, ऑक्टोबर दुसरा असं. पण दसरा इंग्रजी तारखेनं येतो का? २०२३ ला अधिक महिना होता, दसरा आला २४ ऑक्टोबरला. २०२४ ला १२ ला. २०२५ ला २ ऑक्टोबर. म्हणजे दोन वर्षांत बावीस दिवस इकडचे तिकडे, आणि सरासरी घेतल्यावर सगळा ऑक्टोबर महिनाच बऱ्यापैकी भावाचा दिसायला लागतो, उंच सुळक्याचा सपाट माळ होतो. त्या सपाट माळावर विसंबून मॉडेलनं सांगितलं की पहिला तोडा १० ऑक्टोबरच्या आसपास येईल अशी लागण करा. आबांनी कागद बघितला, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "यंदा दसरा दोन तारखेला आहे. दहाला फुलं आणून रावणाच्या तेराव्याला वाहायची का?"

मी ऑफिसला फोन केला तर समोरचा पोरगा आधी म्हणाला असं होणारच नाही सर, डेटा आहे. मग म्हणाला चेक करतो. मग चार दिवस फोन नाही. खरं तर दुरुस्ती सोपी आहे, भाव तारखेनं न मोजता सणापासून किती दिवस आधी-नंतर असा मोजायचा, मग पाचही वर्षांचे सुळके एकमेकांवर बसतात. मी हे त्यांना मेलवर लिहून पाठवलं. पुढच्या व्हर्जनमध्ये आलं, ‘फेस्टिव्हल इंटेलिजन्स’ असं नाव देऊन, आणि त्याचे एकरी ४० रुपये जादा!! आबांना यातलं काही सांगितलेलं नाही. आणि हो, २०२६ ला परत अधिक महिना आहे, ज्येष्ठ, दसरा २० ऑक्टोबर. ज्यांची अशी सर्व्हिस चालू आहे त्यांनी बघून घ्या.

पावसाचं. प्लॅन एप्रिलमध्ये केलेला, पेरणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरलेली. २०२५ चं तुम्हाला आठवत असेल, मे महिन्यातच धुऊन काढलं, २६ मे ला मान्सून मुंबई-पुण्यात दाखल. रानात वापसाच नाही, म्हणजे पेरण्याइतकं रान सुकतच नाही, वाटाण्याचं बी घरात, लोक विचारतायत आता काय. मॉडेल परत चालवायला किती वेळ लागतो? सेकंदं लागतात, मी स्वतः बघितलंय. त्यांनी घेतले नऊ दिवस, कारण ‘रिक्वेस्ट’ टाकायची, ती ‘अप्रूव्ह’ व्हायची, मग ‘ॲनालिस्ट’ बसणार. नऊ दिवसांनी जे आलं त्यात जी तारीख होती ती होऊन गेली होती. अहो एवढ्यात माणूस पेरून मोकळा होतो.

त्यांचा एक जण मोठ्या अभिमानानं सांगत होता की आमच्या हवामानाच्या भागात इतके इतके घटक घेतलेत. पुण्यात बसून हे बोलू नये. शिवाजीनगरच्या हवामान खात्यात १९८८ पासून १६ घटकांचं मॉडेल होतं, वसंतराव गोवारीकरांच्या नावानं ओळखलं जायचं, बरीच वर्षं जमलं पण त्याचं, आणि २००२ ला पाऊस देशभर १९ टक्के कमी पडला, तो त्याला दिसला नाही. पुढच्याच वर्षी खात्यानं ८ आणि १० घटकांची नवी मॉडेलं आणली. घटक वाढवले म्हणजे अंदाज सुधारतोच असं नसतं, एवढं निदान त्यातून शिकायला हवं.

एकरी उत्पादनाचे आकडे त्यांनी तालुक्याच्या सरासरीचे घेतलेले, पीक कापणी प्रयोगातले, म्हणजे नमुन्याला छोटा प्लॉट कापून उत्पादन मोजतात त्यातले. ते प्रयोग मला व्यक्तिशः आवडतात, त्यामागे आपल्याच बाजूचा माणूस आहे, संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुध गावचे, फर्ग्युसनला शिकलेले. प्लॉट केवढा कापायचा यावरून त्यांचा आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा चांगला वाद झालेला, सुखात्म्यांचं म्हणणं असं की प्लॉट फार लहान घेतला की कडेची ताटं आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं. पण तालुक्याची सरासरी तालुक्यासाठी असते. आमच्यात ओढ्याकाठचं काळं रान आणि वर माळाचं मुरमाड रान यात एकाच गावात दुप्पट-तिपटीचा फरक आहे, आणि मॉडेलमध्ये सगळ्या गावाला एकच माती! माती परीक्षणाचे कागद दिल्यावर तीन गट पाडले, हे त्यांनी पटकन केलं, तक्रार नाही.

तिसरा स्टार पाण्याला. हा भाग खरंच चांगला आहे. रोज किती पाणी उडून जातं ते हवेवरून काढायचं, पीक कुठल्या अवस्थेत आहे त्याच्या गुणकानं गुणायचं, मातीत किती शिल्लक आहे ते वजा करायचं, जागतिक अन्न व कृषी संघटनेची १९९८ ची पद्धत आहे, जगभर वापरतात. दिवसाला ५ मिमी म्हणजे एकरी साधारण २० हजार लिटर, हा हिशोब मोबाईलवर मराठीत येतो आणि त्यानं रब्बी कांद्याच्या दोन पाळ्या वाचल्या आमच्या. पुरंदर उपसा सिंचन योजनेचं पाणी पट्टी भरून घ्यायचं, ते पण मुळा-मुठेतून उचललेलं, पुण्यानं काय काय सोडलंय त्यात ते घाट चढून आमच्या कांद्याला, तर ते जेवढं कमी लागेल तेवढं बरं. एकच अडचण, पाऊस महसूल मंडळाच्या केंद्रावरचा धरतात, ते डोंगरापलीकडे आहे, तिकडे पडला की आमच्याकडे पण पडला. आम्ही ट्रॅक्टरच्या शेडवर एक प्लास्टिकचं पर्जन्यमापक बसवलं आणि आकडा हातानं टाकतो.

भाषांतर कुणी केलंय माहीत नाही, माणसानं नक्की नाही. ‘पेरणी खिडकी १५ दिवस उघडी राहील.’ एकरी उत्पादन आणि हातात येणारं उत्पन्न दोन्हीला ‘उत्पन्न’, त्यामुळे ‘कांदा उत्पन्न १०’ म्हणजे दहा टन का दहा हजार यावर पारावर पैजा लागल्या. आणि सगळ्यात भारी म्हणजे जे साधन वापरून उरतं त्याला त्यांनी ‘ढिलाई’ केलंय. रिपोर्टमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे ‘कौटुंबिक मजूर: ढिलाई ३१’. एका काकांनी मला भर मीटिंगमध्ये विचारलं की माझ्या पोरांना ढिले म्हणणारा हा कोण. शॅडो प्राइसचं ‘छाया किंमत’ केलंय, त्यावर अंजीरवाले म्हणाले आमच्या बागेत सावली भरपूर आहे, लावा किंमत.

आता जो मुद्दा मला खरा टोचतो तो. मॉडेल भाव बाहेरून घेतं, म्हणजे तुम्ही कितीही पिकवा भाव तोच असं धरतं. एका शेतकऱ्यापुरतं ते ठीक आहे. आमच्या २१० एकरानं पण गुलटेकडीचा भाव हलत नाही. पण ही सर्व्हिस आम्ही एकटेच घेत नाही ना. ऑगस्टमध्ये पाहुण्यांकडे शिरूरला गेलो तर तिथल्या गटाकडे हाच रिपोर्ट, तोच रंग, तेच टोमॅटो, तोच लागणीचा पंधरवडा. त्यांचा माल नारायणगावला पण जातो आणि पुण्याला पण येतो. असे किती गट असतील? मागच्या भावावर बघून सगळे एकदम लावतात, मग भाव पडतो, मग सगळे एकदम सोडतात, मग भाव चढतो, याला अर्थशास्त्रात कोळ्याचं जाळं म्हणतात, कॉबवेब, हे नाव कॅल्डोरनं १९३४ ला दिलं. आपण आधी शेजारी बघून फसायचो, आता सॉफ्टवेअर बघून, तेही एकाच तारखेला.

आख्ख्या प्रदेशाचा प्लॅन करायचा तर भाव हा मॉडेलच्या आत पाहिजे, जास्त आला की खाली येणारा. आणि सगळ्यांना वेगवेगळे पंधरवडे वाटून द्यायला पाहिजेत, त्यासाठी सगळ्यांची माहिती एका ठिकाणी लागते आणि लोकांनी ऐकावं लागतं. ते सरकारला पण सोपं नाही, तेलंगणानं २०२० च्या खरिपात शेतकऱ्यांना कुठलं पीक किती ते ठरवून द्यायचा प्रयोग केला, त्याच वर्षी डिसेंबरात गुंडाळला. आणि कांद्याचं तर मॉडेलनं काय करायचं? १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरला निर्यातच बंद, ४ मे २०२४ ला परत चालू. दिल्लीचा रकाना कुठल्याच एक्सेलमध्ये नाही. हे सगळं मी त्यांच्या साहेबांना बाणेरच्या ऑफिसात बसून विचारलं, एसी मस्त होता, कॉफी पण चांगली होती, उत्तर आलं की "आमचे क्लायंट कॉन्फिडेन्शियल असतात". अहो पण आमचा टोमॅटो त्यांच्या टोमॅटोशेजारीच क्रेटमध्ये उतरतो, तिथे कसलं कॉन्फिडेन्शियल?

मग हे स्वतः करता येतं का, हा प्रश्न येणारच. बऱ्यापैकी येतं. एक्सेलमध्ये सॉल्व्हर फुकट असतो, फक्त २०० च्या वर चल, म्हणजे ठरवायचे आकडे, घेत नाही, त्यामुळे ६२ शेतकरी वेगवेगळे घालता येत नाहीत. आम्ही पाण्याप्रमाणे तीन गट केले, विहीर-शेततळंवाले, उपशावाले आणि नुसते पावसावरचे, त्यात बसलं. मुक्त सॉफ्टवेअरमधल्या लिब्रेऑफिसला पण सॉल्व्हर आहे. पाण्याचा हिशोब करायला वर सांगितलेल्या संघटनेचं क्रॉपवॅट फुकट मिळतं, इंग्रजीत आहे पण गावात एक अ‍ॅग्रीचं पोरगं असतंच. मला तीन रविवार लागले आणि भावाच्या आकड्यांना सगळ्यात जास्त वेळ गेला, गणिताला नाही. सणाचे दिवस, कडबा, ऑक्टोबरचे मजूर हे सगळं आत घातलंय. उत्तर त्यांच्या शेवटच्या प्लॅनच्या जवळपासच आलं, हे पण प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे त्यांचं गणित चुकीचं नव्हतं.

यंदा आम्ही फक्त पाण्याचा भाग ठेवतोय, एकरी ११० म्हणतायत, शंभरवर येतील. पीक ठरवायला देवळातच बसतो, लॅपटॉप मधे ठेवून, मी आकडे बदलतो आणि लोक ओरडतात, आबा कॅलेंडर घेऊन बसतात. उरलेल्या ३६,७५० चं बघू, नऊ दिवसांचा मेल माझ्याकडे आहे.

कुणी घेणारच असाल तर सही करायच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या: रिस्कचा स्लायडर कुठे आहे, मॉडेल परत किती तासात चालवून देणार, आणि तुमच्या बाजाराला जाणाऱ्या अजून किती गटांना हाच प्लॅन दिलाय. तिसऱ्याचं उत्तर नाही मिळणार, पण विचारताना त्यांचा चेहरा बघा. आणि फॉर्ममध्ये एकर आणि गुंठे वेगवेगळ्या रकान्यात मागा, अजूनही तो एकच रकाना आहे, काल परत बघितलं.